देणगीचा पैसा दहा वर्षांनी कुणाच्या नावावर असतो?
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संपत्ती-दरी आणि ती बुजवू पाहणाऱ्या पैशाची गोष्ट

बाल्टिमोरमधल्या मॉर्गन स्टेट विद्यापीठाला २०२५ साली अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी ६.३ कोटी डॉलरची देणगी दिली. याच विद्यापीठाला २०२० साली त्यांनी ४ कोटी दिले होते. दोन्ही वेळा अट एकही नव्हती. हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ, त्यामुळे दोन्ही बातम्यांचं भरपूर कौतुक झालं.

दुसरी बातमी अटलांटाची. तिथला फिअरलेस फंड कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलरचं अनुदान द्यायचा. त्याविरुद्ध २०२३ साली खटला झाला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयानं हे अनुदान थांबवायला सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन योजना कायमची बंद पडली.

म्हणजे ६.३ कोटी चालतात आणि २० हजार चालत नाहीत? या बातम्या वाचून गोंधळ होणं साहजिक आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून आणखी एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली, देणग्या तर चालूच आहेत, मग हा फरक जात का नाही? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट, पायापासून द्यायला हवं.

पगार सारखा, संपत्ती वेगळी

एकाच बँकेत, एकाच दिवशी, एकाच पगारावर लागलेले दोन कारकून घ्या. एकाच्या वडिलांनी १९८५ साली डोंबिवलीत वन रूम किचन घेऊन ठेवलंय. दुसरा भाड्यानं राहतो. दर अकरा महिन्यांनी करार, वाढीव भाडं, कधी नवं घर. वीस वर्षांनी पहिल्याकडे घर आहे, घरावर काढलेल्या कर्जातून मुलीचं इंजिनीअरिंग झालंय. दुसऱ्याच्या वडिलांच्या दवाखान्यात त्याची होती ती शिल्लक संपली. पगाराच्या पावत्या दोघांच्या तंतोतंत सारख्याच निघतील.

संपत्ती म्हणजे घर, जमीन, ठेवी, शेअर, धंद्यातला हिस्सा यांची बेरीज आणि त्यातून वजा सगळी कर्जं. पगारावर महिना निघतो, संपत्तीवर पिढी उभी राहते.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या संपत्तीची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९००. मध्यक म्हणजे सगळ्या कुटुंबांना गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीत उभं केलं तर बरोब्बर मध्ये येणारं कुटुंब. अब्जाधीशांमुळे सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. तरीही फरक सहा पटींहून जास्त आहे. स्वतःच्या घरात राहणारी गोरी कुटुंबं शंभरात साधारण ७४, कृष्णवर्णीय साधारण ४५.

ही दरी आपोआप पडलेली नाही

एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा सरकारनं नुकसानभरपाई दिली. ती मिळाली मालकांना, सुटलेल्या माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. सुटलेल्यांना काय? देश सोडून जायची तयारी असेल तर १०० डॉलरपर्यंत. त्याच वर्षी होमस्टेड कायदा आला. त्याखाली सरकारी जमिनीतून १६० एकर कसणाऱ्याच्या नावावर होऊ लागले. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी एकर वाटले गेले आणि त्यांतले बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे गेले.

जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन यांनी हुकूम काढला: दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनपासून खाली फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. काही महिन्यांत सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली, पेरणीही झाली. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि वर्ष सरायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा निर्णय झाला. चार्ल्सटनचा हा किनारा लक्षात ठेवा, शेवटी तिथे परत जायचंय.

सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट फ्रीडमन्स बँकेची. मार्च १८६५ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, लिंकन यांनी या बँकेच्या सनदेवर सही केली. उद्देश चांगला होता: मुक्त झालेल्या माणसांनी, कृष्णवर्णीय सैनिकांनी पैसे साठवावेत. लोकांनी साठवलेही. धुणंभांडी करणाऱ्या बायांनी, शेतमजुरांनी, शाळकरी मुलांनी एकेक डॉलर टाकला. बँकेमागे सरकार उभं आहे अशी त्यांची समजूत होती आणि कुणी ती दुरुस्त केली नाही. पैसे फक्त सरकारी रोख्यांत गुंतवायचे असा सुरुवातीचा नियम १८७० मध्ये सैल केला गेला. मग ठेवीदारांचा पैसा वशिल्याच्या गोऱ्या उद्योजकांच्या कच्च्या कर्जांत गेला. १८७३ ची मंदी आली. बुडत्या बँकेचं अध्यक्षपद १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या नामवंत कृष्णवर्णीय नेत्याकडे, देण्यात आलं. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले, तरी बँक वाचली नाही. दारं बंद झाली तेव्हा ६१,००० हून जास्त ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर आत होते. काहींना पुढे वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्यानं थोडं परत मिळालं, अनेकांना काहीच नाही.

पतसंस्था बुडाल्यावर बंद शटरसमोर पासबुक धरून उभी असलेली माणसं आपण पाहिली आहेत. त्या रांगेतला चेहरा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्या मुक्त माणसांची पहिली बचत बुडाली.

विसाव्या शतकात हेच वेगळ्या रूपात झालं. १९२१ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली ग्रीनवुड ही भरभराटीची कृष्णवर्णीय पेठ गोऱ्या जमावानं जाळली. ३५ चौक बेचिराख झाले आणि विम्याचे दावे फेटाळले गेले. १९३० च्या दशकात घरकर्जासाठी सरकारी नकाशे तयार झाले. त्यांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगानं ‘धोक्याच्या’ दाखवल्या. तिथे सरकारी हमीचं कर्ज मिळेना. यालाच रेडलायनिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त घरकर्जाची योजना आली, पण कर्ज मंजूर करणार स्थानिक बँका. मिसिसिपीतल्या १३ शहरांची १९४७ साली पाहणी झाली. ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जं होती २.

घर नाकारणं म्हणजे फक्त छप्पर नाकारणं नव्हे. अमेरिकी मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घरातून उभी राहिली. रेडलायनिंगवर कायद्यानं बंदी आली १९६८ साली, तोवर गोऱ्या शेजाऱ्यांनी १९३०-४० च्या दशकांत घेतलेली घरं किमतीत दुपटी-तिपटीनं वाढून मुलांच्या नावावर होत होती.

देणगी देणगीत फरक असतो

कुठलीही देणगी पाहताना मी एक प्रश्न विचारते: दहा वर्षांनी हा पैसा कुणाच्या नावावर असेल? अन्नछत्र, औषधं, एका वर्षाची फी यांनी माणसं जगतात आणि हा खर्च झालाच पाहिजे. पण तो वर्षभरात संपतो, आणि संपत्तीची दरी साठून राहिलेल्या पैशाची आहे. ती कमी करायची तर देणगीतून घर, जमीन, धंद्यातला हिस्सा, फिटलेलं कर्ज किंवा कायमस्वरूपी निधी असं काहीतरी मागे राहायला हवं.

या प्रश्नाची जुनी आणि गुंतागुंतीची कसोटी म्हणजे रोझेनवाल्ड शाळा. ज्युलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स या मोठ्या किरकोळ-विक्री कंपनीचे प्रमुख. टस्कीगीची शाळा चालवणारे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्यानं त्यांनी दक्षिणेकडच्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला पैसे दिले. १९१२ ते १९३२ या काळात जवळपास ५,००० शाळा झाल्या. त्यांची अट अशी, की गावानंही वाटा उचलायचा. गावांनी तो उचलला. कुणी कापसाचं एक शेत शाळेसाठी राखलं, कुणी लाकूड दिलं, कुणी अंगमेहनत केली. हिशेब मांडला तेव्हा रोझेनवाल्ड यांचे सुमारे ४३ लाख डॉलर आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे सुमारे ४७ लाख निघाले. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी दात्यापेक्षा जास्त दिलं होतं! आणि ही माणसं करही भरत होती, ज्यातून गोऱ्या मुलांच्या शाळा चालत. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजणं झालं ते.

मग इमारत कुणाच्या नावावर? स्थानिक शाळा मंडळाच्या, आणि मंडळ गोऱ्यांच्या हातात. माझ्या कसोटीवर ही देणगी इथे नापास होते. पण तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं होईल. मध्यवर्ती बँकेच्या शिकागो शाखेतल्या अर्थतज्ज्ञांनी पुढे अभ्यास करून दाखवलं की या शाळांच्या परिसरातली कृष्णवर्णीय मुलं जास्त वर्षं शिकली आणि गोऱ्या मुलांच्या तुलनेतली शिक्षणातली तूट बरीच कमी झाली. इमारत दुसऱ्याच्या नावावर गेली, शिक्षण मात्र त्या मुलांचं त्यांच्याकडेच राहिलं.

कायम निधी म्हणजे काय?

विद्यापीठाचा कायम निधी म्हणजे मोठी मुदत ठेव समजा. मुद्दल मोडायचं नाही, दरवर्षी साधारण साडेचार-पाच टक्के काढून शिष्यवृत्त्या, प्राध्यापक, प्रयोगशाळा चालवायच्या. हार्वर्डचा असा निधी २०२४ साली ५३ अब्ज डॉलरवर होता (एक अब्ज म्हणजे १०० कोटी). ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं अमेरिकेत शंभरच्या आसपास आहेत. त्या सगळ्यांचे निधी एकत्र केले तरी हार्वर्डच्या जवळपासही पोचत नाहीत.

म्हणून मॉर्गन स्टेटला विनाअट मिळालेला पैसा महत्त्वाचा. अटीचा पैसा एखाद्या प्रकल्पात जातो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. विनाअट पैसा निधीत टाकता येतो. मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेनं २०२४ साली चार कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांना ६० कोटी डॉलर दिले, तेही थेट कायम निधीसाठी. ज्या उपक्रमातून ते दिले त्याचं नाव ग्रीनवुड, जळालेल्या त्या पेठेवरून.

आणखी एक प्रकार म्हणजे कर्ज फेडून टाकणं. २०१९ साली मोरहाउस कॉलेजच्या पदवीदान समारंभात उद्योजक रॉबर्ट स्मिथ यांनी जाहीर केलं की या वर्षीच्या सगळ्या मुलांचं शैक्षणिक कर्ज मी फेडतो. जवळपास ४०० मुलं, ३.४ कोटी डॉलर. संपत्तीच्या व्याख्येत कर्ज वजा होतं हे आठवा. बावीस वर्षांचा मुलगा उणे ऐंशी हजारांवरून सुरुवात करतो की शून्यावरून, यावर तो पस्तिशीत घर घेऊ शकेल का हे ठरतं. पुढच्या वर्षीच्या मुलांचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

आता एक तुलना. कृष्णवर्णीयांसाठीच्या सरकारी कृषी विद्यापीठांना समान निधी देणं राज्यांवर कायद्यानं बंधनकारक होतं. २०२३ साली अमेरिकी सरकारनं १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून सांगितलं की १९८७ ते २०२० या काळात या विद्यापीठांना मिळून सुमारे १३ अब्ज डॉलर कमी दिले गेले. त्यात एकट्या टेनेसी स्टेटचे २.१ अब्ज. मॉर्गन स्टेटच्या ६.३ कोटींच्या मोठ्या देणगीची तेहतीस पट! खुद्द मॉर्गन स्टेटच्या बाबतीतही हेच दिसतं. मेरीलँड राज्यातल्या चार कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या बाजूनं २००६ साली राज्याविरुद्ध खटला दाखल झाला. पंधरा वर्षं लढल्यावर २०२१ मध्ये राज्यानं ५७.७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. देणगीची बातमी पहिल्या पानावर येते, पंधरा वर्षांचा खटला येत नाही.

ठेव, कर्ज आणि ‘आम्ही इतके अब्ज दिले’

जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर २०२० साली मोठमोठ्या कंपन्यांनी प्रचंड आकडे जाहीर केले. वॉशिंग्टन पोस्टनं वर्षभरानंतर ५० मोठ्या कंपन्यांचा हिशेब लावला. जाहीर झालेले ४९.५ अब्ज डॉलर, त्यांतले ४५.२ अब्ज कर्जं किंवा गुंतवणूक. यातून कंपन्यांनाच नफा होऊ शकतो. परत न घ्यायचं अनुदान होतं ४.२ अब्ज.

मला या आकड्याचा राग येतो तो दिशाभुलीबद्दल. कर्ज देण्याबद्दल नाही. ज्यांना आजवर वाजवी दरानं कर्जच मिळालं नाही, त्यांना ते मिळणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त त्याला देणगी म्हणू नये.

नेटफ्लिक्सनं २०२० साली काय केलं ते पाहा. कंपनीनं आपल्या रोख शिलकीचे २ टक्के, सुरुवातीला १० कोटी डॉलरपर्यंत, कृष्णवर्णीय समाजात काम करणाऱ्या वित्तसंस्थांकडे ठेवायचं ठरवलं. त्यातला १ कोटीचा वाटा मिसिसिपीतल्या होप क्रेडिट युनियनला, ठेव म्हणून. ही संस्था म्हणजे ढोबळमानानं आपली सहकारी पतपेढी. नेटफ्लिक्सचा पैसा नेटफ्लिक्सचाच राहिला, पण तो वॉल स्ट्रीटऐवजी अशा ठिकाणी पडून राहिला जिथून छोट्या दुकानदाराला आणि पहिलं घर घेणाऱ्याला कर्ज जातं.

ठेवीलाही मर्यादा आहे. पतपेढी किती कर्ज देऊ शकते हे शेवटी तिच्या स्वतःच्या भांडवलावर ठरतं. बुडीत कर्जाचा पहिला धक्का तेच सोसतं. एक डॉलर भांडवलावर साधारण आठ-दहा डॉलरची कर्जं उभी राहतात. म्हणून जाणकार दात्यांना सांगतात, जमलं तर ठेव ठेवू नका, भांडवल द्या. २०२१-२२ मध्ये अमेरिकी सरकारनं अशा छोट्या वित्तसंस्थांत ८.५ अब्ज डॉलरहून अधिक भांडवल घातलं. पण मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशानं, याच संस्थांना मदत करण्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या सरकारी निधीवर कात्री लावायची प्रक्रिया सुरू झाली.

‘रंग पाहून मदत म्हणजे उलटा भेदभाव नाही का?’

फिअरलेस फंडाचा खटला याच मुद्द्यावर होता. खटला करणारे एडवर्ड ब्लम हे, ज्यांच्या संघटनेच्या खटल्यातून २०२३ साली हार्वर्डच्या प्रवेशातला वंशाचा विचार सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, तेच. त्यांनी आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा. हा कायदा मुळात केला गेला तो नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांइतकाच करार करण्याचा हक्क असावा म्हणून. करारात रंग पाहायचा नाही, असं तो सांगतो. फंडाचं म्हणणं, आमचं अनुदान म्हणजे दान, आणि दान ही आमची अभिव्यक्ती. न्यायालयानं दोनास एक मतानं म्हटलं की स्पर्धेच्या अटी-शर्ती मान्य करून पैसे मिळतात, म्हणजे हा करारच; आणि बिगर-कृष्णवर्णीयांना दार बंद असल्यानं तो बहुधा बेकायदा.

मॉर्गन स्टेटची देणगी यात का अडकत नाही? तिथे पैसा एका संस्थेला जातो आणि त्या संस्थेत कुठल्याही वंशाचा विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो. व्यक्तीला रंग पाहून निवडलं जात नाही. सुरुवातीच्या कोड्याचं कायदेशीर उत्तर इतकंच आहे.

नैतिक उत्तर इतकं सोपं नाही. ज्या गोऱ्या तरुणानं कुणाचं काही हिसकावलं नाही त्याला दार बंद दिसलं तर त्याला वाईट वाटणार, हे मी नाकारत नाही. पण मिसिसिपीतल्या त्या ३,२२७ आणि २ कडे पुन्हा पाहा. तेव्हा रंग पाहून निर्णय झाले, त्यांची फळं आजही वारशानं हस्तांतरित होत आहेत, आणि दुरुस्तीच्या वेळी मात्र रंगाकडे डोळे मिटायचे, हा न्याय मला पटत नाही.

कायदा बदलेपर्यंत वाट काढावी लागते. कनेक्टिकट राज्यानं ती अशी काढली: १ जुलै २०२३ पासून गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावे राज्य ३,२०० डॉलर गुंतवतं. १८ ते ३० वयाच्या दरम्यान ते वाढलेले पैसे शिक्षणासाठी, निवृत्तीसाठी किंवा राज्यातच घर वा धंद्यासाठी वापरायचे. यांना बेबी बाँड म्हणतात. कल्पना डॅरिक हॅमिल्टन आणि विल्यम डॅरिटी या अर्थतज्ज्ञांची. यात रंग कुठेच नाही. पण संपत्ती नसलेल्या घरांत कृष्णवर्णीय घरं जास्त असल्यानं फायदा तिथे जास्त पोचतो. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे स्वच्छ आहे: पैसा बाळाच्या नावावर.

‘शिकले, कमावू लागले, की दरी आपोआप बुजेल’

आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे फार पटतं, कारण आपण शिक्षणावरच वर आलो. पण हॅमिल्टन, डॅरिटी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की पदवीधर कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांच्या घरची संपत्ती ही हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या कुटुंबप्रमुखांच्या घरापेक्षा कमी होती. पदवीनं पगार वाढतो. पण पदवीसाठी काढलेलं कर्ज, भाड्याचं घर आणि मागे राहिलेल्या भावंडांची, आईवडिलांची जबाबदारी त्याच पगारातून जाते. डोंबिवलीच्या त्या दोन कारकुनांसारखंच.

मग सगळं दानावर भागेल का?

नाही. डॅरिटी आणि कर्स्टन म्युलन यांनी सरासरी संपत्तीतला फरक धरून गुलामांच्या वंशजांना द्यायच्या भरपाईचा हिशेब मांडला आहे. तो जातो सुमारे १४ लाख कोटी डॉलरवर. अमेरिकेत २०२४ साली सगळ्या कारणांसाठी मिळून, चर्चपासून कुत्र्यामांजरांच्या आश्रमांपर्यंत, ५९२.५ अब्ज म्हणजे ५९,२५० कोटी डॉलरचं दान झालं. देशातलं सगळं दान, बाकी सगळं बंद करून, या एकाच कामाला लावलं तरी तेवीस-चोवीस वर्षं लागतील. डॅरिटी म्हणूनच आग्रहानं सांगतात की ही भरपाई केंद्र सरकारनंच द्यायची असते. शिकागोजवळच्या एव्हान्स्टन शहरानं आपल्या परीनं सुरुवात केली. १९१९ ते १९६९ या काळात घरांच्या भेदभावाचा फटका बसलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना आणि त्यांच्या वंशजांना २५,००० डॉलर द्यायचे, गांजाविक्रीच्या करातून. त्याविरुद्धही २०२४ मध्ये खटला दाखल झाला आहे.

मग दानाचं काम काय? जिथे सरकार पोचत नाही आणि नफ्याचा पैसा जायला तयार नाही, अशा छोट्या पण नेमक्या जागा शोधणं. यातली एक जागा मराठी वाचकाला लगेच कळेल.

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव

गावाकडे जमीन आहे, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, वारस नोंद झालेली नाही, हिस्सेदार वीस-बावीस, त्यांतले काही कधी भेटलेही नाहीत. ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत आहे! कर्ज काढायला गेलं की बँक विचारते, उतारा तुमच्या नावावर कुठे आहे?

अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कुटुंबांची खूपशी जमीन अशाच अवस्थेत आहे. १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांहून जास्त जमीन होती, पै पै साठवून घेतलेली. गोऱ्यांच्या न्यायालयावर विश्वास नाही, वकिलाला पैसे नाहीत, म्हणून मृत्युपत्र न करताच माणसं गेली. जमीन सगळ्या वारसांची सामायिक झाली. अशा जमिनीवर घरकर्ज मिळत नाही. वादळात घर पडलं तर सरकारी मदत मिळतानाही मालकी सिद्ध करणं मुश्कील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखादा बिल्डर दूर शहरात राहणाऱ्या एका वारसाचा बारीकसा हिस्सा विकत घेतो, स्वतः सहहिस्सेदार बनतो आणि न्यायालयात वाटणी मागतो. न्यायालय म्हणतं, एवढे तुकडे पडणार नाहीत, सगळी जमीन लिलावात विका. लिलावात बोली कोण लावतं? तोच बिल्डर. जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कर भरत राहिलं, त्याच्या हाती मातीमोल भाव येतो. गेल्या शतकात गेलेल्या जमिनीतली बरीच अशी, न्यायालयाच्या शिक्क्यानिशी गेली आहे.

कायद्याचे प्राध्यापक थॉमस मिचेल यांनी यावर एक नमुना कायदा लिहायला पुढाकार घेतला. तो २०१० साली तयार झाला. त्यानुसार विकण्याआधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा घ्यायची पहिली संधी, स्वतंत्र मूल्यांकन, आणि विकायचीच वेळ आली तर खुल्या बाजारभावानं. एकामागून एक राज्यं तो स्वीकारत गेली. दक्षिण कॅरोलिनानं २०१६ साली स्वीकारला आणि त्याला क्लेमेंटा पिंक्नी यांचं नाव दिलं. पिंक्नी हे पाद्री आणि राज्याचे सिनेटर. आदल्या वर्षी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल अभ्यास चालू असताना एका वंशद्वेष्ट्यानं ज्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यांतले ते एक.

त्याच चार्ल्सटनमध्ये २००५ पासून या वारसा-जमिनींसाठी एक संस्था काम करते: सेंटर फॉर हेअर्स प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन. देणग्या आणि अनुदानांवर चालणारी. तिथले वकील कुटुंबाची वंशावळ काढतात, विखुरलेल्या वारसांना शोधून सह्या घेतात, मृत्युपत्रं करून देतात, मालकीहक्क न्यायालयातून स्वच्छ करून घेतात. ज्यांच्याकडे झाडी आहे त्यांना लाकडाचं उत्पन्न नीट कसं घ्यायचं तेही शिकवतात. एका कुटुंबामागे खर्च होतो तो वकिलाच्या काही तासांचा. वाचते ती समुद्रकाठची जमीन, जिचा भाव आज आकाशाला भिडलाय.

शर्मन यांच्या हुकुमातला तो किनारा हाच. ज्या पट्ट्यात १८६५ साली ४० एकर देऊन परत घेतले गेले, तिथेच आज एखाद्या आजीच्या पणतवंडांची नावं उताऱ्यावर चढत आहेत. आधी सह्या गोळा होतात, मग तारीख पडते, आणि मग एके दिवशी नोंदणी कार्यालयातून शिक्का मारलेला कागद घरी येतो.